विरल मृदा हॅलाइड सिरॅमिक: गुणधर्म, उपयोग आणि पुण्याच्या हवेत ते हाताळण्याचा प्रश्न

भोसरीची_भट्टी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचा तांत्रिक सिरॅमिकचा लहान कारखाना आहे. अल्युमिना आणि झिर्कोनिया या ऑक्साइडांच्या नळ्या, क्रूसिबल (भट्टीत तापवायची भांडी), पंपांच्या सीलच्या कड्या हा आमचा नेहमीचा माल. गेल्या काही महिन्यांत दोन वेगळ्या ठिकाणांहून वेगळ्याच मालाची विचारणा झाली. एकाला लिथियम यिट्रियम क्लोराइडच्या पेलेट दाबून हव्या आहेत आणि दुसऱ्याला लँथेनम फ्लोराइडच्या पातळ तबकड्या. दोन्ही पदार्थ विरल मृदा मूलद्रव्यांच्या (लँथेनम, सेरियम, यिट्रियम वगैरे) हॅलाइड वर्गात, म्हणजे फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन किंवा आयोडिन यांच्याशी झालेल्या संयुगांत मोडतात, पण वाचू लागल्यावर असे दिसले की दोघांचे स्वभाव एकमेकांशी फारसे जुळत नाहीत.

ऑक्साइड सिरॅमिक आम्ही जाणतो. ते हवेत भाजता येते, पाण्याला दाद देत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. असे असताना या पदार्थांकडे वळावे असे कोणते गुण त्यांच्यात आहेत? त्यांपैकी कोणते उपयोग आज खरोखर चालू आहेत आणि कोणते अजून प्रयोगशाळेतच आहेत? आणि आमच्यासारख्याने यात उतरायचे ठरवलेच, तर सुरुवात कोणत्या पदार्थापासून करावी? माझे सध्याचे मत असे आहे की ऑक्साइड जे काम करू शकते तिथे हॅलाइडने जाऊ नये. त्यामुळे ऑक्साइडला न जमणारी कामे कोणती, हे मला प्रथम समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

क्षारोपासक

धागाकर्त्यांचा प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी घन इलेक्ट्रोलाइटवर, म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांमध्ये आयन वाहून नेणाऱ्या घन पदार्थांवर काम करतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

सर्वप्रथम फ्लोराइड एका बाजूला आणि क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड दुसऱ्या बाजूला अशी विभागणी मनात पक्की करावी. लँथेनम फ्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि सुमारे १,४९० अंश सेल्सिअसला वितळते. यिट्रियम क्लोराइड सुमारे ७२० अंशांना वितळते आणि हवेतला ओलावा इतक्या झपाट्याने ओढते की जुलै महिन्यात पाषाणला उघड्या ठेवलेल्या मिठाच्या बरणीला सुटते तसे त्याला पाणी सुटते. एकदा पाणी शोषले की ते नुसते तापवून घालवता येत नाही, कारण तापवताना पाणी आणि क्लोराइड यांची अभिक्रिया होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघून जाते आणि मागे ऑक्सिक्लोराइड उरते. म्हणूनच निर्जल क्लोराइड तयार करताना ऑक्साइडमध्ये भरपूर अमोनियम क्लोराइड मिसळून ते हळूहळू तापवण्याची जुनी पद्धत आजही वापरतात. आधी अमोनियम असलेला जटिल क्षार तयार होतो आणि अधिक तापमानाला अमोनियम क्लोराइड उडून गेल्यावर शुद्ध निर्जल क्लोराइड हाती येते.

आता ऑक्साइडला न जमणाऱ्या कामांविषयी. क्लोराइड आणि ब्रोमाइड आयन आकाराने मोठे असतात आणि त्यांच्यावर एकच ऋण प्रभार असतो. त्यामुळे लिथियम आयनाला ते ऑक्साइड आयनाइतके घट्ट धरून ठेवत नाहीत. २०१८ साली जपानच्या पॅनासोनिक कंपनीतील संशोधकांनी लिथियम यिट्रियम क्लोराइडची आयनवाहकता सामान्य तापमानाला सुमारे ०.५ मिलीसीमेन्स प्रति सेंटीमीटर आणि लिथियम यिट्रियम ब्रोमाइडची सुमारे १.७ असल्याचे दाखवले. त्याआधी हा वर्ग बॅटरीसाठी कुचकामी मानला जात असे. विशेष म्हणजे लिथियमच्या तुलनेत सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत या क्लोराइडचे ऑक्सिडीकरण होत नाही, त्यामुळे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या कणांवर वेगळा संरक्षक थर न देताही त्यांनी घनबॅटरी चालवून दाखवली.

टेकडीवरून

एक मूलभूत शंका आहे. जो पदार्थ भट्टीत भाजलाच नाही, फक्त डायमध्ये घालून थंडच दाबला, त्याला सिरॅमिक म्हणावे का?

क्षारोपासक

टेकडीवरून, शंका रास्त आहे. पदार्थ अकार्बनी आहे, बहुस्फटिकी आहे आणि चूर्णापासून घडवलेला आहे, म्हणून तो सिरॅमिकच. भाजण्याची गरज पडत नाही हा उणेपणा नसून या वर्गाचे सर्वांत मोठे व्यावहारिक बळ आहे. गार्नेट घडणीचा लिथियम लँथेनम झिर्कोनेट हा ऑक्साइड घ्या. त्याचे कण एकमेकांना नीट जोडण्यासाठी १,१०० अंशांच्या वर भाजावे लागते आणि त्या तापमानाला लिथियम उडून जाते, शिवाय शेजारच्या इलेक्ट्रोडशी नको त्या अभिक्रिया होतात. क्लोराइड मऊ असल्याने काहीशे मेगापास्कल दाबाखाली त्याचे कण एकमेकांत रुतून बसतात आणि आयनांना वाट मिळते.

धागाकर्त्यांना आश्चर्य वाटेल अशी आणखी एक गोष्ट. सिरॅमिकमध्ये भाजल्याने गुण सुधारतात असा आपला अनुभव असतो. लिथियम यिट्रियम क्लोराइडच्या बाबतीत बॉल मिलमधून काढलेले, स्फटिकरचना काहीशी विस्कटलेले चूर्ण पुष्कळदा भाजलेल्या चूर्णापेक्षा जास्त वाहक असते, कारण दळताना यिट्रियमचे अणू जाळीतल्या आपल्या ठरलेल्या जागा सोडून इतरत्र बसतात आणि त्यामुळे लिथियमचा मार्ग मोकळा होतो.

गामा_नोंद

चर्चा बॅटरीकडे झुकलेली दिसते, म्हणून किरणोत्सर्ग मोजणाऱ्यांची बाजू मांडतो. माझे काम गामा वर्णपट घेणाऱ्या उपकरणांशी संबंधित आहे आणि आमच्याकडे विरल मृदा हॅलाइड हा रोजच्या वापरातला पदार्थ आहे.

सिंटिलेटर म्हणजे गामा किरण आत शिरला की प्रकाशाची चमक देणारा पदार्थ. १९४८ सालापासून या कामात थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचे राज्य होते. या शतकाच्या प्रारंभी नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी सेरियम मिसळलेल्या लँथेनम ब्रोमाइडचे गुण मांडले आणि चित्र पालटले. सोडियम आयोडाइड एका मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेमागे सुमारे ३८,००० प्रकाशकण देते, तर लँथेनम ब्रोमाइड सुमारे ६३,०००. सीझियम-१३७ च्या ६६२ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषेची रुंदी पहिल्यात जवळपास ७ टक्के येते, दुसऱ्यात ३ टक्क्यांच्या आत. चमक विझण्याचा काळ पहिल्यात २३० नॅनोसेकंदांच्या आसपास आणि दुसऱ्यात केवळ १६. एकमेकांना खेटून असलेल्या दोन गामा रेषा वेगळ्या ओळखायच्या असतील, तर हा फरक निर्णायक ठरतो.

दोन उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नैसर्गिक लँथेनममध्ये लँथेनम-१३८ हा किरणोत्सर्गी समस्थानिक सुमारे ०.०९ टक्के असतो आणि त्याचे अर्धायुष्य १०० अब्ज वर्षांच्या घरात आहे, त्यामुळे शोधकाची स्वतःचीच पार्श्वभूमी कायम नोंदली जाते. ती नेमकी पोटॅशियम-४० च्या १,४६१ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषेजवळ येते आणि मातीतले पोटॅशियम मोजणाऱ्याची अडचण करते. जिथे हे चालणार नाही तिथे सेरियम ब्रोमाइड वापरतात. बुधाकडे २०१८ साली निघालेल्या बेपीकोलंबो यानावरील गामा वर्णपटमापकात तेच आहे. दुसरी उणीव ओलाव्याची. शोधकाचा स्फटिक धातूच्या डबीत काचेची खिडकी लावून पूर्ण बंद केलेला असतो आणि डबीला बारीक चीर गेली तरी तो निकामी होतो.

धागाकर्त्यांसाठी महत्त्वाचे म्हणजे हे सारे एकस्फटिक, म्हणजे एकाच सलग स्फटिकाचे तुकडे आहेत, सिरॅमिक नाहीत. लँथेनम ब्रोमाइडचा स्फटिक तापमानाबरोबर वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो, त्यामुळे मोठा स्फटिक थंड करताना तडकतो आणि किंमत चढते. तेच काम दाबून घडवलेल्या पारदर्शक सिरॅमिकने झाले तर मोठी सोय होईल, आणि संशोधन चालू आहे ते याच आशेवर.

कोथरूडची_भौतिकी

गामा_नोंद यांनी शेवटी जी आशा व्यक्त केली, तिच्या आड एक भौतिक अडथळा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. लँथेनम ब्रोमाइडची स्फटिकरचना षट्कोनी आहे. अशा स्फटिकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे प्रमाण, दिशेनुसार बदलतो. एकस्फटिकात याने बिघडत नाही, पण सिरॅमिकमध्ये प्रत्येक कण वेगळ्या दिशेला वळलेला असतो, त्यामुळे एका कणातून दुसऱ्यात जाताना प्रकाश थोडा थोडा वळतो आणि काही मिलिमीटर जाडीतच तो विखुरला जातो. एकही छिद्र उरलेले नसले तरी तबकडी दुधाळच दिसते.

घनीय, म्हणजे तिन्ही दिशांना सारख्या असलेल्या रचनेत ही अडचण येत नाही. म्हणून खरी पारदर्शकता हवी असेल तर शोध घनीय हॅलाइडमध्ये घ्यावा लागतो. सीझियम लिथियम यिट्रियम क्लोराइड हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ते एल्पासोलाइट घडणीचे, म्हणजे घनीय आहे आणि त्यातील लिथियम-६ मुळे ते न्यूट्रॉनही ओळखते. गामा आणि न्यूट्रॉन यांच्या चमकांचा आकार वेगळा असल्याने एकाच शोधकात दोन्हींची वेगळी नोंद होते. न्यूट्रॉन मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हीलियम-३ वायूचा जगभर तुटवडा असताना हा गुण फार मोलाचा आहे.

सिरॅमिक हॅलाइडमधून प्रकाश नीट जातो हे फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. १९६४ साली डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम फ्लोराइडच्या उष्ण दाबाने घडवलेल्या सिरॅमिकमधून लेसर मिळवण्यात आला, आणि ऑक्साइड सिरॅमिकचे दर्जेदार लेसर १९९० च्या दशकात आले. तिथे यजमान पदार्थ कॅल्शियमचा होता आणि विरल मृदा केवळ मिसळलेली होती, पण फ्लोराइड घनीय असेल तर काय साधते ते त्यावरून दिसते. फ्लोराइडची जाळी ऑक्साइडच्या मानाने मंद कंप पावते, त्यामुळे विरल मृदा आयनाने घेतलेली ऊर्जा उष्णतेत विरून न जाता प्रकाश म्हणून बाहेर येते. यटर्बियम आणि एर्बियम मिसळलेले सोडियम यिट्रियम फ्लोराइड ९८० नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश घेऊन हिरवा प्रकाश देते, त्यामागे हेच कारण आहे.

भूजल_निवृत्त

इतक्या वेळात लँथेनम फ्लोराइडच्या जुन्या आणि अतिशय उपयोगी कामाचा उल्लेख कोणीच केला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवले आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या विहिरींत आणि कूपनलिकांत फ्लोराइड जास्त असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १ मिलिग्रॅम प्रति लिटर इतके प्रमाण योग्य मानते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेते. त्यापलीकडे वर्षानुवर्षे पाणी प्यायले गेले तर मुलांच्या दातांवर डाग येतात आणि पुढे हाडे, सांधे ताठर होत जातात.

हे फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या टोकाशी लँथेनम फ्लोराइडची एक चकती असते. १९६६ साली फ्रँट आणि रॉस यांनी ती प्रसिद्ध केली. लँथेनमच्या काही जागी युरोपियम बसवले की जाळीत फ्लोराइडच्या रिकाम्या जागा निर्माण होतात आणि चकतीतून केवळ फ्लोराइड आयन सरकू शकतो. क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट कितीही असले तरी त्यांना शिरकाव नसतो. पाण्यातील फ्लोराइड दहापट बदलले की २५ अंशांना सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. फक्त हायड्रॉक्साइड आयन मात्र आकाराने जवळचा असल्याने घोटाळा करतो, म्हणून नमुन्यात बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण, घालून तो ५ ते ५.५ च्या दरम्यान ठेवतात. त्याच बफरमधला दुसरा घटक ॲल्युमिनियम आणि लोहाच्या पकडीतले फ्लोराइड मोकळे करतो.

हा हॅलाइड पदार्थ दिवसभर पाण्यात बुडवलेला असतो, हे धागाकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. हॅलाइड म्हटले की ओलाव्याची भीती दाखवली जाते, ती सरसकट सर्वांना लावणे अन्यायाचे आहे.

टेकडीवरून

काका, फार मोलाची माहिती दिलीत. फ्लोराइड पाण्यातच मोजले जाते आणि तेही फ्लोराइडच्याच चकतीने, हे माहीत नव्हते.

चाकण_विद्युत

मी वाहनांच्या बॅटरी पॅकवर काम करतो. क्षारोपासक यांच्या माहितीविषयी वाद नाही, परंतु त्यातून निघणाऱ्या अपेक्षेविषयी आहे.

लिथियम यिट्रियम क्लोराइडमध्ये वजनाने सुमारे साडेसत्तावीस टक्के यिट्रियम असते आणि लिथियम केवळ साडेसहा टक्के. वाहनाच्या बॅटरीत इलेक्ट्रोलाइट किलोंनी लागते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, त्यात यिट्रियम आणि स्कँडियम दोन्ही आहेत. ज्या पदार्थाचा पुरवठा एका देशाच्या परवानगीवर अवलंबून आहे, त्यावर वाहन उद्योगाने भिस्त ठेवू नये असे माझे ठाम मत आहे.

दुसरे म्हणजे स्पर्धक आधीच उभा आहे. २०२१ साली लिथियम झिर्कोनियम क्लोराइडची वाहकता सुमारे ०.८ मिलीसीमेन्स प्रति सेंटीमीटर असल्याचे प्रसिद्ध झाले. ते ५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ओलावा घेत नाही आणि त्यात विरल मृदा अजिबात नाही. तिसरे, यिट्रियम क्लोराइडचे हे क्षार लिथियम धातूला टेकले की त्यातल्या यिट्रियमचे क्षपण होते (ते इलेक्ट्रॉन घेऊन बदलते), म्हणून ऋणाग्राच्या बाजूला दुसऱ्या पदार्थाचा थर द्यावाच लागतो. या तीन गोष्टी पाहता बॅटरीतल्या विरल मृदा क्लोराइडला मी संशोधनाचा उत्तम विषय म्हणेन, व्यवसायाचा आधार म्हणणार नाही.

क्षारोपासक

चाकण_विद्युत यांचे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत, मात्र ते यिट्रियमला लागू आहेत. लँथेनमचे गणित निराळे आहे. २०२३ साली चीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील गटाने लँथेनम क्लोराइडवर आधारलेले, टँटलम मिसळलेले इलेक्ट्रोलाइट प्रसिद्ध केले. त्याची वाहकता ३० अंशांना सुमारे ३ मिलीसीमेन्स प्रति सेंटीमीटर आहे आणि लिथियम धातूशी थेट संपर्कातही ते टिकते. लँथेनम क्लोराइडच्या रचनेत मुळातच लांब पोकळ मार्ग असतात. काही लँथेनम काढून रिकाम्या जागा निर्माण केल्या की हे मार्ग एकमेकांना जोडले जातात. टँटलम महाग आहे, हे मान्य.

एप्रिल २०२५ च्या त्या यादीत लँथेनम आणि सेरियम नाहीत. आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत प्रामुख्याने सेरियम, लँथेनम आणि निओडिमियम हेच असतात, यिट्रियम नाममात्र. १९५० साली स्थापन झालेली सरकारी आयआरईएल कंपनी ओडिशातील छत्रपूर येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करून मिश्र विरल मृदा क्लोराइड काढते आणि त्याचे पुढचे शुद्धीकरण केरळात आलुवा येथे होते. चुंबकांसाठी निओडिमियम काढून घेतल्यावर लँथेनम आणि सेरियम मोठ्या प्रमाणात उरतात आणि त्यांना पुरेसे गिऱ्हाईक नसते. आपल्याकडे जे आहे त्याला धरून पदार्थ निवडावा, असे मला मनापासून वाटते.

फ्लोराइड आयन हाच प्रभारवाहक असलेली बॅटरीही विसरू नये. जर्मनीतील कार्ल्सरुह येथे २०११ साली बेरियम मिसळलेले लँथेनम फ्लोराइड इलेक्ट्रोलाइट म्हणून वापरून ती चालवून दाखवली होती. वाहकता अपुरी असल्याने तेव्हा १५० अंशांना तापवावी लागली. काकांच्या चकतीतील रिकाम्या जागांचे तत्त्वच तिथेही आहे.

भोसरीची_भट्टी

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर लिहिले जाईल असे वाटले नव्हते. आता व्यवहाराचे विचारतो. क्लोराइडच्या पेलेटसाठी कोरडी खोली किती कोरडी लागते? आणि लँथेनम फ्लोराइडच्या तबकड्या आमच्या हवेतल्या भट्टीत, अल्युमिनाच्या क्रूसिबलमध्ये भाजता येतील का?

क्षारोपासक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: ५ टक्के सापेक्ष आर्द्रता म्हणजे २५ अंशांच्या खोलीत दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतला ओलावा बाहेर पडू लागतो ते) उणे १५ च्या आसपास. झिर्कोनियमचा क्षार तिथे तग धरतो, यिट्रियमचा धरेल असे मानू नये. त्याच्यासाठी बॅटरी उद्योगातली उणे ४० किंवा त्याहून खाली दवबिंदू असलेली खोली हवी आणि चूर्ण तयार करण्यासाठी आर्गॉनचा ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे हातमोजे बसवलेली बंद पेटी. भोसरीत पावसाळ्याचे चार महिने अशी खोली राखण्याचा वीजखर्च आधी काढावा आणि मगच त्या ग्राहकाला होकार द्यावा. डाय आणि प्रेस दोन्ही आत बसवावी लागतील. पेलेट बाहेर काढून तपासता येणार नाही.

कोथरूडची_भौतिकी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. भूजल_निवृत्त काकांनी सांगितलेली टिकाऊपणाची गोष्ट सामान्य तापमानाची आहे. तापवलेल्या लँथेनम फ्लोराइडवर दमट हवा आली की हायड्रोजन फ्लोराइड वायू सुटतो आणि पृष्ठभागावर ऑक्सिफ्लोराइड तयार होते. तो वायू अत्यंत घातक आहे, भट्टीच्या विटा आणि तारांनाही तो खातो. चूर्ण आधी निर्वात अवस्थेत नीट वाळवावे आणि नंतर ग्राफाइटच्या डायमध्ये, निर्वात किंवा कोरड्या आर्गॉनमध्ये उष्ण दाबाने तबकडी घडवावी. ग्राफाइटमुळे तबकडीचा वरचा थर काळपट होतो, तो घासून काढावा लागतो. आयनवाहक चकतीत कार्बन राहिला तर इलेक्ट्रॉनांना वाट मिळून मोजमाप बिघडते. बाहेर जाणारा वायू अल्कलीच्या स्क्रबरमधून न्यावा आणि हा वायू त्वचेला लागल्यास लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल कामाच्या जागी हाताशी असावे.

भूजल_निवृत्त

यात एवढी भर घालतो की बाजारातल्या इलेक्ट्रोडमधली चकती एकस्फटिकाची असते, म्हणून दाबलेली तबकडी तिच्या शेजारी ठेवून तपासावी. सोडियम फ्लोराइडची ०.१, १ आणि १० मिलिग्रॅम प्रति लिटर फ्लोराइडची द्रावणे बफर घालून तयार करावीत आणि दर दहापटीला ५९ मिलिव्होल्टच्या किती जवळ उतार येतो ते पाहावे. उतार ५५ च्या खाली आला किंवा ०.१ च्या द्रावणात आकडा स्थिर व्हायला फार वेळ लागला, तर कणांच्या सीमांवर ऑक्सिफ्लोराइड आहे का ते एक्स-रे विवर्तनाने तपासून घ्यावे. द्रावणे कशी करायची ते मी व्यक्तिगत निरोपातून सविस्तर कळवतो. पहिली तबकडी घासून तयार झाली की सांगावे.